सही तिची, निर्णय कुणाचा?

काया आणि कायदा : लेखांक ७

सरकारमान्य केंद्रात गर्भपातासाठी गेलेल्या बाईपुढे संमतीचा जो कागद ठेवतात त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. जेमतेम चार-पाच ओळींचा मजकूर. मी अमुक, तमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय अंदाजे इतकं, कायमचा पत्ता हा, सध्या राहणार इथे, या ठिकाणी माझा गर्भपात करायला मी संमती देते. खाली जागा, तारीख आणि सही. बाई अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर पालकासाठी वेगळा मजकूर. नवऱ्याच्या सहीला त्यावर जागाच नाही. सासऱ्याच्या नाही, वडिलांच्याही नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याने हे तेव्हाच ठरवून टाकलं आहे : सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी.

तरीसुद्धा ‘मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल’ हे वाक्य आजही कित्येक दवाखान्यांत ऐकू येतं. कुठे आधार कार्डाच्या दोन-दोन प्रती मागतात, कुठे अविवाहित मुलीला आईला आणायला सांगतात. कायद्यात नसलेल्या अटी घालू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे. पण काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला निकालपत्र पाठ नसतं. ती निमूट घरी जाते, आणि एक आठवडा वाया जातो.

आता समजा, नियमाप्रमाणे तिची एकटीची सही घेतली. मग निर्णय तिचा झाला का? नाही. कारण त्याच टेबलावर दुसरा एक कागद असतो, आणि तो डॉक्टरांनी भरायचा असतो. त्यावर गर्भपाताची कारणं आधीच छापलेली आहेत : बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याची शक्यता, मुलात गंभीर व्यंग असण्याची शक्यता, बलात्कारातून राहिलेला गर्भ, गर्भनिरोधक साधन फसणं. यापैकी जे लागू असेल ते नोंदवून, सद्भावनेने आपलं असं मत झालं आहे, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. ‘मला हे मूल नको आहे’ हे कारण त्या यादीत नाही.

म्हणून होतं काय, की धाकटं अजून अंगावर पितंय, नवऱ्याचं काम सुटलंय, सासू अंथरुणाला खिळली आहे आणि अशात पाळी चुकली, अशी बाई आली की समंजस डॉक्टर तिचं ऐकून घेतात आणि ‘साधन फसलं’ असं नोंदवतात. अनेकदा साधन वापरलेलंच नसतं, कारण नवरा वापरू देत नाही. हे तिलाही माहीत असतं आणि डॉक्टरांनाही. डॉक्टर चांगले निघाले म्हणून तिचं काम होतं. कडक किंवा घाबरट निघाले तर तिला दुसरं दार शोधावं लागतं. एका प्रौढ, विचार करून आलेल्या माणसाला आपल्याच शरीराच्या बाबतीत दुसऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहावं लागणं, आणि खरं कारण बाजूला ठेवून मंजूर यादीतलं कारण सांगावं लागणं, हा अपमान आहे. गर्भपात पन्नासहून अधिक वर्षं आपल्याकडे कायदेशीर आहे आणि तरीही तो बाईचा हक्क नाही, तो असा.

हे असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२ आलं. गर्भपात घडवून आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर केला तर सात वर्षांपर्यंत. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला असेल तर तेवढी सूट. आणि खाली स्पष्टीकरण, की स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा याच कलमाखाली येते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तेव्हा विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे झाडपाल्याची औषधं, जन्मलेल्या मुलाचा गळा किंवा विहीर एवढंच उरायचं. फुल्यांनी तिला सांगितलं, इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवून जायचं ते तुमच्या मर्जीवर. याच घरात काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला, तो फुल्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. मला या कामातली एक गोष्ट फार मोठी वाटते. बाईला आधी गुन्हेगार ठरवून मग दया दाखवणं इथे नव्हतं. तिची अडचण खरी मानली होती आणि शेवटचा शब्द तिचा ठेवला होता. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. त्या प्रकरणावरून बायकांच्या चालचलणुकीबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून आलं त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. या सगळ्या गुन्ह्यात जो पुरुष सामील होता त्याचा हिशेब कोण मांडणार, हा त्यांचा संताप होता. गर्भपाताची आजची चर्चा ऐकताना तो संताप आठवतो, कारण आजही या चर्चेत पुरुष सहीपुरताच येतो.

स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शाह, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६६ अखेर आलेल्या अहवालात समितीने अंदाज मांडला, की पन्नास कोटींच्या लोकसंख्येत वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत आणि त्यातले ३९ लाख जाणूनबुजून घडवलेले. म्हणजे कायदा असतानाही लाखो बायका सुईणींकडे, वैदूंकडे, काड्या आणि मुळ्या घालणाऱ्यांकडे जात होत्या आणि त्यातल्या कितीतरी सेप्टिक होऊन मरत होत्या. ऑगस्ट १९७१ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्यामागे मातामृत्यू कमी करण्याची तळमळ होती, आणि वाढत्या लोकसंख्येची धास्तीही. बाईचा तिच्या देहावरचा अधिकार हा विचार त्यामागे नव्हता. म्हणूनच कायद्याचं मुख्य कलम डॉक्टरपासून सुरू होतं : या अटी पाळून गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही. बाईला काही दिलं असं तो कायदा म्हणतच नाही. डॉक्टरांना शिक्षेतून सूट दिली, आणि त्या सुटीच्या आडोशाला बाईची सोय झाली.

सोय झाली हे मात्र खरं, आणि तिचं मोल मी कमी करत नाही. लाखो बायका त्यामुळे जगल्या. पण सोय आणि हक्क यांतला फरक अडचणीच्या वेळी कळतो.

आता मूळ नैतिक प्रश्न. गर्भ जिवंत आहे, तो माणसाचा आहे, वाढू दिला तर त्याचं मूल होणार आहे. मग आईला तो संपवण्याचा अधिकार कसा? हा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. प्रश्न खरा आहे.

गेल्या लेखांकात आपण अवयवदान पाहिलं, त्याच धाग्याने पुढे जाऊ. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रॉबर्ट मॅकफॉल नावाच्या रुग्णाने नात्यातल्या भावावर, डेव्हिड शिंपवर, दावा लावला. मॅकफॉलला रक्ताचा जीवघेणा आजार होता, अस्थिमज्जा मिळाली तरच वाचण्याची आशा, आणि नातेवाइकांत जुळण्याची शक्यता होती ती शिंपची. शिंप पहिल्या चाचणीला गेला आणि मग त्याने अंग काढून घेतलं. न्यायाधीश जॉन फ्लॅहर्टी यांनी शिंपचं वागणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवलं, आणि त्याच निकालात सांगितलं की न्यायालय त्याच्यावर सक्ती करणार नाही. एकाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीरात सुई घालायचा हुकूम देणं त्यांना मान्य नव्हतं. मॅकफॉल थोड्याच दिवसांत गेला.

या निकालात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत : काय करायला हवं होतं, आणि काय करायला भाग पाडता येईल. आपल्याकडेही तेच आहे. पोटच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडं गेली तरी बापाला मूत्रपिंड द्यायला कुठलंही न्यायालय लावू शकत नाही. रक्ताची एक बाटलीसुद्धा कुणाकडून जबरदस्तीने घेता येत नाही. इथे मुलगा पूर्ण माणूस आहे, त्याला नाव आहे, शाळेचा दाखला आहे, तो बापाकडे बघतो आहे. तरीही बापाचं शरीर बापाचं. मग ज्याचं माणूसपण अजून वादाचा विषय आहे अशा गर्भासाठी बाईच्या शरीरावर नऊ महिन्यांची सक्ती करायला आपण तयार होतो, तेव्हा पुरुषाच्या शरीराला लावलेला नियम तिला लावत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्येच, म्हणजे आपल्या कायद्याच्याच वर्षी, ही मांडणी केली होती : गर्भाला पूर्ण माणूस मानलं तरी दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप जबाबदारीचा. मॅकफॉलचा आजार शिंपने आणला नव्हता, गर्भ मात्र बाईच्या कृतीतून आला, तेव्हा तिने तो निभावला पाहिजे, असं म्हणतात. हे ऐकायला रास्त वाटतं. पण आपल्या घरांत डोकावून पाहिलं की त्यातला ‘बाईची कृती’ हा भाग डळमळतो. रात्री नकार देण्याची मुभा किती लग्नांत आहे? नवऱ्याने केलेला बलात्कार आपला फौजदारी कायदा आजही बलात्कार मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात निदान गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कार धरला, हे मोठं पाऊल होतं. आणि ज्या दोघांच्या कृतीतून गर्भ राहिला त्यांपैकी एकाच्याच हाडांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह, नोकरी, झोप आणि कधी जीवसुद्धा त्यात जाणार असेल, तर ‘जबाबदारी’ म्हणून आपण जे मागतो ते फक्त तिच्याकडून मागतो.

तरीही गर्भाला काहीच मोल नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांना गर्भपात करावा लागतो त्यांतल्या अनेक बायका ते दुःख वर्षानुवर्षं बाळगतात, आणि त्या दुःखाला ‘पेशींचा गोळा होता’ असं सांगून पुसता येत नाही. माझ्या मते गर्भाचं मोल दिवसागणिक वाढत जातं. सहाव्या आठवड्याचा गर्भ आणि सव्वीस आठवड्यांचा गर्भ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्या कायद्यातले वीस आणि चोवीस आठवड्यांचे टप्पेही काही अंशी याच जाणिवेतून आले आहेत. प्रश्न असा आहे, की हे वाढतं मोल तोलायचं कुणी.

ज्या देशाने ते बाईकडून काढून घेतलं तिथे काय झालं हे बेळगावच्या एका घराला ठाऊक आहे. सविता हलप्पनवार, बेळगावच्या दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेल्या अवस्थेत त्या रुग्णालयात होत्या. त्यांनी गर्भपाताची विनंती केली. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ पासून आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान मानलेला होता. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून डॉक्टर थांबले. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. २८ ऑक्टोबरला सविता गेल्या. वय ३१. मे २०१८ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेऊन ती घटनादुरुस्ती काढून टाकली, ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी. ज्या गर्भाला कुणीच वाचवू शकत नव्हतं त्याच्यासाठी ‘समान हक्का’चा हिशेब मांडला गेला आणि त्यात जिवंत बाई गेली.

हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात आला, फार वेगळ्या रूपात. हे प्रकरण मला या विषयातलं सर्वांत अवघड वाटतं. २७ वर्षांची विवाहित बाई, दोन मुलं, धाकटं वर्षाच्या आसपासचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मनोविकार जडला होता, औषधं चालू होती. अंगावर पाजत असल्यामुळे पाळी आलीच नव्हती, त्यामुळे तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं फार उशिरा कळलं. तेव्हा कायद्याची मुदत हातून निसटत होती. ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी गर्भपाताला परवानगी दिली. मग ‘एम्स’च्या एका डॉक्टरांचं ईमेल आलं : गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे, आधी त्याचं हृदय थांबवायचं का, ते न्यायालयाने सांगावं. दोन दिवसांनी त्याच दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. कोहलींची सदसद्विवेकबुद्धी परवानगी द्यायला तयार होईना. न्या. नागरत्नांनी बाईचा निर्णय मानला पाहिजे, असं सांगितलं. प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेलं आणि १६ ऑक्टोबरला नकार आला. गर्भ सव्वीस आठवडे पाच दिवसांचा, त्यात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही. बाळंतपणाचा खर्च सरकार करील, मूल दत्तक द्यायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवावं.

इथे नैतिकतेची गाठ कुठे बसते ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भारपण संपवणं आणि गर्भ संपवणं या एकच गोष्टी असतात. सव्वीसाव्या आठवड्यात त्या दोन होतात. बाई म्हणू शकते, ‘हे माझ्या शरीरातून काढा.’ पण काढलं तर मूल जिवंत निघू शकतं, अपुऱ्या दिवसांचं, कदाचित जन्मभराची व्यंगं घेऊन. ते टाळायचं तर हृदय आधी थांबवावं लागतं. तेही नको असेल तर बाईने आणखी अडीच-तीन महिने, आजारी मनाने, गर्भाला अपाय होऊ नये म्हणून बदललेल्या औषधांवर काढायचे. तिन्ही वाटांवर कुणाचं तरी नुकसान आहे. देहावरचा अधिकार म्हणजे गर्भाच्या मरणाचीही हमी, असं मला म्हणता येत नाही. तरी कौल द्यायचाच झाला तर मी न्या. नागरत्नांच्या बाजूने देईन. तिन्ही वाटांचा भार जिच्या अंगावर पडणार होता ती एकटीच होती, आणि नऊ ऑक्टोबरला मिळालेलं उत्तर सोळा तारखेला काढून घेताना तिच्या बाजूने काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते इतरांचं मन.

देहावरच्या अधिकाराचा अर्थ ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एवढाच लावला तर तो अर्धा राहतो. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातली, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली एक तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं आणि प्रजननाचा निर्णय हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं सांगितलं. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आज जो निकाल सगळे वकील पुढे करतात, तो मुळात मूल ठेवू इच्छिणाऱ्या मुलीचा आहे, हे विसरू नये. आपल्याच राज्यातल्या चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीचं २०२४ चं प्रकरणही असंच. मुंबई उच्च न्यायालयाने ४ एप्रिलला नकार दिला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने नव्याने तपासल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली. तोवर गर्भ तीस आठवड्यांच्या घरात गेला होता. आईवडिलांना मुलीच्या जिवाची धास्ती वाटू लागली आणि आठवडाभरात परवानगी मागे घेण्यात आली. गर्भवतीची इच्छा सर्वोपरी, आणि पालकांचं मत वेगळं असलं तर अल्पवयीन मुलीचं म्हणणंही विचारात घ्यायचं, असं न्यायालयाने तेव्हा नमूद केलं. शब्द उत्तम आहेत. पण उच्च न्यायालयाच्या नकारापासून त्या परवानगीपर्यंत अठरा दिवस गेले होते, आणि गर्भारपणात अठरा दिवस म्हणजे फार मोठा काळ.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना एक प्रश्न हटकून येतो, आणि यायलाच हवा. निर्णय बाईचा, तर मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणारीचाही निर्णय मानायचा का? हा प्रश्न टाळणाऱ्यांना बाकीचं बोलण्याचा अधिकार उरत नाही, कारण आपल्या राज्याने याची किंमत मोजली आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर पुरलेले १९ गर्भ सापडले. आणि याच महाराष्ट्राने, मुंबईतल्या स्त्रीसंघटनांच्या रेट्यामुळे, गर्भलिंगपरीक्षेवर देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा.

त्या कायद्यांची रचना बारकाईने पाहिली तर उत्तराची दिशा मिळते. गुन्हा आहे तो लिंग तपासणं आणि सांगणं. केंद्राचा कायदा असंही गृहीत धरतो, की ती तपासणी बाईने नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दडपणाखाली केली, उलट सिद्ध होईपर्यंत. हे गृहीतक अनुभवातून आलेलं आहे. तिसरी मुलगी झाली तर घराबाहेर काढू, अशी धमकी असलेल्या बाईची ‘निवड’ ही निवड नसते. तिला मूल हवं की नको, हे ती ठरवत नाही. कुणाला वंशाचा दिवा हवा आहे ते ठरवतात. मूल नको असणं आणि मुलगी नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बाई आपल्या आयुष्याचा विचार करते, दुसरीत एका सबंध वर्गाला जन्माआधी कमी लेखलं जातं. म्हणून तपासणीवरची बंदी मला देहाच्या अधिकाराविरुद्ध वाटत नाही. आणि स्वतःच्या मनाने, कुठल्याही दडपणाविना, कुणी असं केलं तर? ते मला नैतिकदृष्ट्या चूक वाटतं. मॅकफॉलच्या खटल्यातला फरक इथेही लागू आहे : चूक म्हणता येतं, पण म्हणून तिला सक्तीने बाळंत करता येत नाही.

दुःखाची गोष्ट ही, की परळीनंतर जी धरपकड झाली ती भलत्याच ठिकाणी जाऊन लागली. गर्भपाताच्या गोळ्यांवर करडी नजर आली, आणि आपल्या राज्यातल्या अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत वापरायच्या. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बारा-तेरा आठवड्यांच्या आत खात्रीने दिसत नाही. म्हणजे गोळ्या अडवून मुलगी वाचत नाही. अडते ती सातव्या आठवड्यात, लिंग कळण्याच्या कितीतरी आधी आलेली बाई. मग ती उशिरा, दुसऱ्या तिमाहीत, जास्त धोक्याच्या शस्त्रक्रियेला जाते, किंवा कुणाच्या तरी ओळखीने काळ्या बाजारातून पाकीट आणते आणि घरी एकटीच रक्तस्रावाशी झुंजते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. या बायकांना कायद्याने गर्भपाताची मुभा आहे की नाही हेही बहुधा माहीत नसतं.

गर्भपात कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती काही पावलं पुढे गेली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही गटांतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली, गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या मताने मुदतच राहिली नाही. ही शेवटची तरतूद यायला तेरा वर्षं लागली. २००८ मध्ये मुंबईतलं एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष दिसल्यावर, उच्च न्यायालयात गेले होते. मुदत चार आठवड्यांनी उलटली होती. न्यायालयाने नकार दिला, आणि त्याच महिन्यात त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. डॉ. दातारांनी विषय सोडला नाही. ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ यांच्या जागी ‘कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार’ हेही याच दुरुस्तीने आलं.

पण पाया हलला नाही. नेपाळ हा आपला शेजारी. २००२ पूर्वी तिथे गर्भपातासाठी बायका तुरुंगात होत्या. त्या वर्षी कायदा बदलला आणि बारा आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा एवढंच कारण पुरेसं झालं. डॉक्टरांचं काम सुरक्षित गर्भपात करणं, तिच्या कारणांची छाननी करणं नव्हे. आपल्याला हे एवढं अवघड का वाटावं? बारा आठवड्यांपर्यंत बाईचं ‘नको’ हे पुरेसं कारण आहे, अशी एक ओळ आपल्या गर्भपात कायद्याच्या कलम ३ मध्ये आली, तर लवकर येणाऱ्या बायका लवकरच मोकळ्या होतील आणि सव्वीसाव्या आठवड्याचे ते भयंकर पेच बरेच कमी होतील. गर्भाच्या वाढत्या मोलाची ज्यांना मनापासून काळजी आहे त्यांनी तर ही मागणी सर्वांत आधी करायला हवी.

त्याऐवजी घडलं ते असं. १ जुलै २०२४ रोजी इंग्रजांची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम ३१२ नव्या संहितेत कलम ८८ म्हणून आलं आहे, तीन आणि सात वर्षांच्या शिक्षांसह. आणि त्याखालचं स्पष्टीकरणही तसंच आहे : स्वतःचा गर्भ पाडणारी बाई या कलमाखाली गुन्हेगार. काळ्या बाजारातल्या गोळ्या घेऊन आज घरी बसलेली प्रत्येक बाई कागदोपत्री या व्याख्येत बसू शकते. ते स्पष्टीकरण काढून टाकण्याची मागणी आपल्या खासदारांकडे करायला कुठल्याही पक्षाच्या मतदाराला अडचण नसावी.

(पुढच्या आठवड्यात : दुसऱ्याच्या मुलासाठी दिलेला देह. सरोगसीचा २०२१ चा कायदा आणि ‘फक्त परोपकारासाठी’ ही त्याची अट.)